पाहणीच्या अधिकारासह एक कपाट

नव्या शहरात आलेल्या कुटुंबाची प्रगती तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात ते नळाला पाणी कोणत्या वारी येते हे विचारून घेते, दुसऱ्यात भाड्याचे घर शोधते आणि तिसऱ्यात त्या घरात ठेवायला दुसऱ्या कुणाच्या तरी घरातल्या वस्तू शोधते. चौथाही एक टप्पा असतो, पण त्याची आगाऊ कल्पना देण्याची पद्धत नाही.

अभय खिल्लारे आणि त्याची बायको संध्या हिंगोलीहून संभाजीनगरला आले तेव्हा त्यांच्याजवळ दोन गाद्या, एक शेगडी, एक कुकर आणि पुस्तकांची सहा खोकी होती. वाळूजच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, तिथंच अभय गुणवत्ता तपासनीस म्हणून रुजू झाला. काम असे की पट्ट्यावरून येणारा दर पाचवा गिअर उचलायचा, मोजायचा आणि नापास करायचा. (पास करण्याचीही सोय आहे. पण अधूनमधून नापास केल्याशिवाय तपासनीस जागा आहे हे वरच्यांना कळत नाही.) संध्याचे बी.एड. झालेले होते आणि ती नोकरी शोधत होती, म्हणजे बी.एड. झालेल्या माणसाचा जो पूर्णवेळ व्यवसाय असतो तोच करत होती.

घर मिळाले बजाजनगरात. ते तेरावे होते. आधीची बारा घरेही चांगली होती, फक्त त्यांच्यात एक गुण होता. आडनाव सांगेपर्यंत ती रिकामी असत आणि आडनाव सांगताच मालकाला आठवे की पुण्याच्या भाच्याचे पुढच्या महिन्यात इथं राहायला यायचे ठरले आहे. संध्याने सात भाचे मोजले आणि मग मोजणे सोडून दिले. या शहरात येऊ घातलेल्या भाच्यांची एकूण संख्या पाहता पुणे लवकरच ओस पडेल, असा माझा अंदाज आहे.

तिसरा टप्पा त्यांनी उत्साहाने सुरू केला. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात दोघे सलग चार रविवार गेले. जुन्या वस्तूंच्या बाजाराबद्दल लोकांमध्ये गैरसमज आहेत. तिथं भंगार मिळते असे म्हणतात. प्रत्यक्षात तिथं फक्त डॉक्टरांचे सामान मिळते. सोफ्यावर हात ठेवायचा अवकाश, दुकानदार म्हणतो, "भाई, डॉक्टर साब का माल है. एकच हाथ चला हुआ."

"बसल्यावर खाली जातंय की हे," अभय म्हणाला.

"डॉक्टर साब वजनदार आदमी थे."

माझ्या पाहणीनुसार या बाजारातले सत्तर टक्के सोफे डॉक्टरांचे, वीस टक्के प्रोफेसरांचे आणि उरलेले फॉरेनला गेलेल्या पार्टीचे असतात. यावरून शहरातले डॉक्टर सध्या सतरंजीवर बसून रुग्ण तपासतात असा निष्कर्ष निघतो, आणि त्यांची फी पाहता तो पटत नाही. पण आकड्यांपुढे आपण काय बोलणार. संध्याने तिथून एक मिक्सर घेतला. तो चालू होता. फक्त बंद होत नव्हता.

पुस्तकांची सहा खोकी मात्र अजून जमिनीवरच होती. संध्याच्या घरी पुस्तकांना फार मान. जेवायच्या आधी तिचे वडील मुलांकडून दोन पाने वाचून घेत. खोक्यांवरून ओलांडून जाताना दर वेळी तिला कुणाच्या तरी अंगावर पाय पडल्यासारखे होई. "सोफा नसला तरी चालंल," ती अभयला म्हणाली, "पण पुस्तकं अशी खाली नाय बघवत."

इथं माझा संबंध येतो. मी गारखेड्यात ज्या इमारतीत राहतो, तिच्या सोसायटीचा मी सचिव आहे. आमच्या सहाव्या मजल्यावर मिहिर आणि स्वराली राहतात. मिहिरच्या आईवडिलांचे जवळच एक बैठे घर होते. ते विकून मिहिरने दोघांना फ्लॅटवर आणायचे ठरवले. अडचण एकच होती. स्वरालीने सजावटकार बोलावून फ्लॅटला थीम करून घेतली होती आणि थीम राखाडी होती. सासऱ्यांचे सामान सागवानी, म्हणजे तपकिरी. सासरे स्वतः गव्हाळ असल्यामुळे त्यांना ठेवून घेण्यात आले. सामानाची जाहिरात मिहिरने सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, ती मी अभयला दाखवली. काचेच्या दारांचे सागवानी कपाट, सहा फूट, किंमत अडीच हजार. एवढ्यात बाजारात कपाटाची बिजागरीही डॉक्टरांची मिळत नाही.

मिहिरचे वडील व्यंकटराव हे सरकारी नोकरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षे त्यांच्याकडे जडवस्तू संग्रह नोंदवहीचे काम होते. म्हणजे कार्यालया-कार्यालयांत जाऊन खुर्च्या किती, त्यांतल्या हाताच्या किती आणि हाताच्या खुर्च्यांना प्रत्यक्ष हात किती, हे पाहायचे आणि कमी भरल्यास ‘खुलासा करावा’ असा शेरा मारायचा. मराठवाड्यातल्या अनेक कार्यालयांतून ते खुलासे अजून यायचे आहेत.

अभय आणि संध्या कपाट पाहायला गेले तेव्हा व्यंकटरावांनी एक छापील नमुना पुढ्यात घेतला आणि विचारले, "पूर्ण नाव?"

अभयने सांगितले. आडनावापाशी व्यंकटरावांचे पेन थांबले. संध्याने पर्स खांद्याला लावली आणि ती उठायच्या तयारीत बसली. बारा घरांच्या अनुभवाने तिला पुढचे वाक्य पाठ होते.

"खिल्लारेमधला खि ऱ्हस्व की दीर्घ?" व्यंकटरावांनी विचारले. "शाळेच्या दाखल्यावर कसा आहे?"

"ऱ्हस्व," अभय म्हणाला.

"बरोबर आहे. जोडाक्षराच्या आधीचा ऱ्हस्वच हवा," व्यंकटराव म्हणाले आणि समाधानाने लिहू लागले. संध्याने पर्स परत खाली ठेवली.

हस्तांतरण पत्र तीन प्रतींत होते. कलम ३ प्रमाणे कपाटावर बॅगा, पंखा अथवा तत्सम वस्तू ठेवता येणार नव्हत्या. कलम ५ प्रमाणे कपाटास ‘अलमारी’ म्हणण्यास विक्रेत्याची हरकत नव्हती. एकूण अकरा कलमे होती. अभय ती वाचू लागला, तेवढ्यात व्यंकटरावांच्या पत्नी शैलाताई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सही करून टाका हो. वाचत बसलात तर तेच मोठ्यानं वाचून दाखवतील."

अभयने तिन्ही प्रतींवर सह्या केल्या. दिवसभर गिअरमधला मिलिमीटरचा शंभरावा भाग तपासणारा माणूस कागदावर असा न वाचता सही करतो, यालाच स्वस्ताई म्हणतात.

"तुम्हाला वाईट नाही वाटत का काकू, कपाट चाललं म्हणून?" निघताना संध्याने विचारले.

"चाळीस वर्षं पुसलं मी ते," शैलाताई म्हणाल्या. "आता तू पूस."

कपाट कडुबा नावाच्या टेम्पोवाल्याने बजाजनगरला पोचवले. पुस्तके वर चढली. अभयने बाबासाहेबांची तसबीर मधल्या कप्प्यात काचेआड ठेवली आणि दोघे समोर गादीवर बसून बराच वेळ नुसते बघत राहिले. घर झाल्यासारखे वाटले, असे संध्याने मला नंतर सांगितले.

दुसऱ्या रविवारी सकाळी सव्वानऊला दारावर टकटक झाली. संध्याने दार उघडले. बाहेर व्यंकटराव. हातात वही, खिशात विजेरी.

"काका तुम्ही? कोण पाहिजे?"

"कपाट," व्यंकटराव म्हणाले.

कलम ७ असे होते: ‘विक्रेत्यास सदर वस्तूची ठरावीक काळाने प्रत्यक्ष पाहणी करण्याचा अधिकार राहील.’ व्यंकटरावांनी अधिकार बजावला. दार उघडून आत नाक घातले आणि वास घेतला. विजेरीने खालचे पाय पाहिले. बोटाने फळ्यांवर टिचक्या मारल्या. मग वहीतले पान फाडून अभयच्या हाती दिले. ते पान पुढे मी पाहिले आहे.

‘१. कपाट भिंतीस टेकले आहे. चार बोटे पुढे घ्यावे. २. वरच्या कप्प्यात पुस्तके आडवी आहेत. उभी करावीत. ३. पुस्तके चांगली आहेत (हे केवळ नोंदीसाठी). ४. चहा मिळाला. साखर जास्त. खुलासा करावा.’

गारखेड्याहून बजाजनगरला यायचे तर बाबा पेट्रोल पंपावर बस बदलावी लागते. व्यंकटरावांचे वय चौऱ्याहत्तर. तरी ते पुढच्या रविवारी आले, त्याच्या पुढच्याही आले. सोमवारी कँटीनमध्ये अभय माझ्यासमोर ताट आपटे. "हप्ताभर मी लोकांचा माल नापास करतो आणि रविवारी हा म्हातारा मला नापास करतो. सुट्टी आहे का काय आहे ही?"

मी त्याला समजावले की स्वस्त वस्तूत काही ना काही दोष असतोच. कुणाच्या फ्रिजचे दार लागत नाही, कुणाच्या पंख्याचा आवाज येतो. याच्या कपाटाला व्यंकटराव होते.

हळूहळू संध्याच्या लक्षात आले की हा दोष उपयोगाचा आहे. या शहरातल्या बहुतेक सरकारी कार्यालयांची टेबले व्यंकटरावांनी पालथी करून पाहिली होती. गॅसची जोडणी नव्या पत्त्यावर होत नव्हती, रेशनकार्डाचे नाव चढत नव्हते. व्यंकटराव कपाटाखाली विजेरी मारता मारता सांगत, "डाव्या हाताचं तिसरं टेबल गाठा. त्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. धरून बसावं लागतं, म्हणून तिथला माणूस जागेवरून उठत नाही." संध्या गेली तर तो माणूस खरोखरच टेबल धरून बसलेला होता. रेशनकार्ड झाले. चहातली साखर कमी झाली. अभय मात्र अजून कुरकुरत होता.

एके दिवशी कडुबा रस्त्यात भेटला तेव्हा बाकीचा तपशील कळला. व्यंकटरावांचे जेवणाचे टेबल मुकुंदवाडीत काकासाहेब नावाच्या खानावळवाल्याने घेतले होते. त्याची पाहणी बुधवारी असे. सागवानी पलंग खुद्द कडुबानेच चिकलठाण्याला नेला होता. त्याची पाहणी शुक्रवारी.

"तुमाला तरास नाय का होत?" अभयने विचारले.

"कसला तरास? येत्यात, पलंगाला हात लावून बघत्यात, मंग माज्या म्हातारीसंगं बोलत बसत्यात," कडुबा म्हणाला. "म्हातारी शुक्रवारची वाट बघती. लई दिवसांनी कुनीतरी तिला इचारलं, पलंगावर झोप लागती का म्हून."

मिहिरला यातले काही माहीत नव्हते. वडील आठवड्यातून तीनदा नेटके कपडे करून बाहेर पडतात हे पाहून त्याने एकदा विचारले होते, "हास्यक्लब का?" त्यावर व्यंकटराव म्हणाले होते, "नोंद घेतली." हे उत्तर होकार समजण्यात आले.

आणि मग तो रविवार आला. संध्याचा भाऊ धम्मपाल हिंगोलीहून पहिल्यांदाच बहिणीचे नवे घर बघायला आला होता. अभयने मटण आणले होते, कपाटाची काच पुसून लख्ख केली होती. धम्मपाल कपाटाचे कौतुक करत असतानाच व्यंकटराव आले, सरळ आत गेले आणि दुसऱ्या फळीवर विजेरी रोखून म्हणाले, "हा पाण्याचा डाग गेल्या वेळी नव्हता. पेला कुणी ठेवला? खुलासा करावा."

पेला धम्मपालने ठेवला होता. त्याने आधी व्यंकटरावांकडे बघितले, मग अभयकडे.

"दाजी, हे कोन? घर तुमचं हाय का यांचं?"

मेव्हण्याने घरात बसून विचारलेल्या या प्रश्नाला जगात आजवर शांत उत्तर मिळालेले नाही. अभयचा चेहरा लाल झाला.

"काका," तो म्हणाला, "कपाट तुम्ही विकलंय. विकलं म्हणजे विकलं. आता ते आमचं आहे. डाग पडू नाय तर मोडू, आमचं आम्ही बघू."

व्यंकटरावांनी विजेरी बंद केली. शेरा न लिहिताच वही मिटली.

"नोंद घेतली," ते म्हणाले आणि चहा न घेता गेले. संध्या जिन्यापर्यंत मागे गेली. ते वळले नाहीत.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. अभय पहिल्या रविवारी अकरापर्यंत झोपला आणि सुट्टी म्हणजे काय ते सांगू लागला. दुसऱ्या रविवारी सव्वानऊला त्याला आपोआप जाग आली. तिसऱ्या रविवारी त्याने सकाळीच उठून कपाट भिंतीपासून चार बोटे आहे की नाही हे बोटे लावून पाहिले. संध्याने ते स्वयंपाकघरातून पाहिले.

इकडे आमच्या इमारतीत त्या तीन आठवड्यांत काय झाले, तेही नोंदवले पाहिजे. व्यंकटरावांनी काकासाहेबांकडे आणि कडुबाकडे जाणेही बंद केले. विकले म्हणजे विकले, हे तत्त्व त्यांना पटले असावे आणि ते त्यांनी सरसकट लागू केले. मग ते घरीच राहिले. राखाडी सोफ्यावर त्यांना बसता येत नसे. त्या सोफ्यावर माणूस बसत नाही, ठेवला जातो. त्यामुळे त्यांनी प्रथम स्वरालीचा फ्रिज तपासला, नंतर लिफ्ट, नंतर जिना, आणि शेवटी सोसायटीचा सचिव. लिफ्टविषयी मला एकूण अकरा शेरे आले. ते सर्व बरोबर होते, म्हणूनच मनस्ताप जास्त झाला. चौथ्या आठवड्यात मात्र शेरे बंद झाले. सातच्या सुमाराला खाली उतरताना मला ते गॅलरीत दिसत. वही मांडीवर बंद, नजर रस्त्यावरच्या बसवर. शैलाताई लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "दोन दिवस झाले, भाजीला नावं ठेवली नाहीत. मला लक्षण ठीक दिसत नाही."

त्याच शुक्रवारी संध्याला एका शाळेतून मुलाखतीचे बोलावणे आले. सोमवारी सकाळी दहा वाजता, मूळ कागदपत्रांसह. कागदपत्रे कपाटाच्या खालच्या बंद कप्प्यात होती. पावसाळी हवेने सागवान फुगले होते आणि कप्प्याचे दार जे बसले ते हलेना. अभयने ओढून पाहिले, तेल घातले, शिव्या घातल्या. शनिवारी सुतार आणला. सुताराने दाराला कान लावला आणि म्हणाला, "तोडावं लागंल. दुसरा इलाज नाय."

"तोडायचं नाय," संध्या म्हणाली.

"मग परवा तिथं काय दाखवशील? कपाट?" अभय म्हणाला.

"काकांना बोलाव."

"कसल्या तोंडानं बोलावू?"

"ज्या तोंडानं बोललास त्याच तोंडानं."

चुकले असे म्हणणे अभयच्या पेशात बसत नाही. कारखान्यात चूक नेहमी मालाची असते. त्याने रात्री उशाखालून हस्तांतरण पत्र काढले आणि प्रथमच अकराही कलमे वाचली. रविवारी सकाळी दोघे मोटारसायकलवर गारखेड्याला आले, मला खालून हाक मारली आणि आम्ही तिघे सहाव्या मजल्यावर गेलो. दार मिहिरने उघडले. व्यंकटराव गॅलरीत होते. अभयने त्यांच्या हातात कागद दिला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

व्यंकटरावांनी चष्मा लावला आणि सवयीने मोठ्याने वाचले.

"‘विषय: पाहणी थकल्याबाबत. महोदय, कलम ७ नुसार कपाटाची पाहणी करणे आपले काम असताना आपण सलग तीन रविवार गैरहजर आहात. त्यामुळे खालचे दार अडकले असून संध्याची कागदपत्रे आत राहिली आहेत. तरी आपण समक्ष हजर राहून खुलासा करावा. आपला, अभय खिल्लारे.’"

मिहिर एकदा वडिलांकडे आणि एकदा अभयकडे बघत होता.

"‘थकल्याबाबत’ नाही," व्यंकटराव म्हणाले. "‘प्रलंबित राहिल्याबाबत’. आणि जावक क्रमांक कुठाय?"

"नाय टाकला," अभय म्हणाला. "काका, त्या दिवशी मेव्हण्यासमोर मी..."

"मेव्हण्यासमोर माणूस चुकतोच. माझ्याही सेवापुस्तकात तसली नोंद आहे." त्यांनी कागदाची नीट चौघडी घातली आणि खिशात ठेवली. "दार कोणतं? डावं की उजवं?"

"डावं," संध्या म्हणाली.

"डावंच असणार."

"बाबा," मिहिर म्हणाला, "म्हणजे तुम्ही लोकांच्या घरी जाऊन कपाटं तपासता? हास्यक्लबला नाही जात?"

"जाऊ दे त्यांना," शैलाताई आतून म्हणाल्या. "घरी असले की मला तपासतात."

बजाजनगरला पोचल्यावर व्यंकटरावांनी सगळ्यांना दोन पावले मागे सरायला सांगितले. पायाचा अंगठा दाराच्या खालच्या फटीत सारला, दार किंचित वर उचलले आणि मधल्या फळीवर तळहाताने दोनदा थापटले, लहान मुलाला झोपवताना थापटतात तसे. दार उघडले. चार सेकंद लागले असतील.

संध्याने कागदपत्रांची पिशवी छातीशी धरली. मग तिने विचारले, "काका, ही युक्ती तुम्ही आम्हाला आधीच का नाय सांगितली?"

व्यंकटरावांनी दार एकदा लावून पुन्हा उघडून पाहिले.

"सांगितली असती तर मी कशाला येऊ?" ते म्हणाले आणि वही काढून फळीवरच्या डागाकडे वळले.

सोमवारी संध्याची मुलाखत झाली आणि नोकरीही लागली. तासिका तत्त्वावर लागली, म्हणजे काम पूर्ण आणि नोकरी अर्धी. पण पेढे पूर्ण वाटले. त्यातला एक पेढा व्यंकटरावांनी कपाटाच्या नोंदीच्या पानावर ठेवून खाल्ला. ‘पेढा मिळाला. साखर योग्य.’

इथंच ही हकीकत संपली असती, तर ती एका कुटुंबापुरती राहिली असती. पण मिहिर हा नव्या विचारांचा मुलगा आहे. चार-पाच दिवसांनी तो माझ्याकडे आला आणि त्याने मला एक हिशोब समजावून सांगितला, ज्यात पैसे नव्हते, फक्त तास होते. रविवारी चार तास, बुधवारी तीन, शुक्रवारी तीन. आठवड्याला दहा तास वडील घराबाहेर, आनंदात, कुणाच्या तरी देखरेखीखाली, चहापाण्यासह. स्वरालीचा फ्रिज शांत. "काका, बाबांची एक आरामखुर्ची अजून राहिलीय," तो म्हणाला. "ती विकली तर मंगळवारही बसतो. अभयला विचारून बघा ना, रविवारी जेवायला ठेवतील का?"

सचिव या नात्याने मी हा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवला. एखाद्या विषयाला एवढा पाठिंबा मी गेल्या नऊ वर्षांत पाहिला नव्हता. पार्किंगवरून एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन सदस्यांनी एकाच ठरावाला अनुमोदन दिले. आता आमच्या इमारतीतून जुन्या सामानाच्या ज्या जाहिराती निघतात त्यांत ‘कलम ७ लागू’ असे ठळक छापलेले असते. आजवर चौदा फ्लॅटमधले सामान उठले. सकाळी साडेआठला आमच्या फाटकातून नेटके कपडे केलेली, खिशात विजेरी आणि हातात वही असलेली चौदा ज्येष्ठ मंडळी चौदा दिशांना जातात आणि बसवाले त्यांना निरीक्षक समजून उठून जागा देतात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आपली शिलाई मशीन पाहायला पडेगावला जातात आणि तिथल्या सुनेला ब्लाउज शिवायला शिकवतात. त्यांच्या स्वतःच्या सुनेने आपल्याला आजींकडून काही शिकायचे आहे असे कधी म्हटले नव्हते, त्यामुळे तिची काहीच तक्रार नाही. सगळ्यांचीच घरे आता मोकळी, हवेशीर आणि राखाडी झाली आहेत.

माझ्याही वडिलांचे एक लोखंडी कपाट आहे. गोदरेजसारखेच, पण गोदरेज नसलेले. वडील शांत स्वभावाचे आहेत, चहा बिनसाखरेचा घेतात, गुडघे दुखत असल्याने तळमजला असल्यास बरे. मागच्या आठवड्यात मी जाहिरात दिली आणि खाली माझा नंबर टाकला.

एक्केचाळीस फोन आले. हाताळणे कठीण झाले. बोलणारे सगळे सुशिक्षित, तुमच्यासारखेच वाचनाची आवड असलेले, आणि सगळ्यांनी सुरुवातीला वडिलांच्या तब्येतीची चौकशी केली. कपाट मात्र एकालाही नको होते. सगळ्यांना कलम सातचा मसुदा हवा होता.

तुमच्याही घाईची मला कल्पना आहे. मसुदा आजच पाठवतो. फक्त वडिलांचे पूर्ण नाव, वय आणि त्यांची कोणती वस्तू निघणार आहे एवढे कळवा. आडनावातले ऱ्हस्व-दीर्घ तपासून लिहा, नंतर बदलता येत नाही.